ब्लाउजच्या वहीतल्या हिरॉइनी, आणि आजीला नको असलेली पांढरी साडी

सुईदोरा

नमस्कार मंडळी. दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या एका खेड्यात माझं शिवणकाम आहे. आधी आईचं होतं, आता माझं. ब्लाउज, परकर, पिको-फॉल, आणि लग्नसराईत भाड्याचे लेहंगे आवळून-सैल करून देणं.

मागच्या मंगळवारी गावातलीच एक मुलगी आली. माघात लग्न आहे. आल्या आल्या मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. आलिया भटचं लग्न, 14 एप्रिल 2022, डिझायनर सब्यसाचीची ती आयव्हरी रंगाची साडी. "ताई, मले लग्नात हेच पायजे. अशी साडी मी आणतो, ब्लाउज तुम्ही शिवा."

सोबत तिची आजी होती. तिनं फोटो पाहिला आणि खुर्चीवरून उठलीच. "मी जित्ती हावो तवंलोग पांढरं नेसून बोहल्यावर उभी राहायचं नाई." पोरगी म्हणे हा पांढरा नाही, आयव्हरी आहे. आजी म्हणे, सायीचा रंग मले समजते, म्हशी राखल्या म्या.

तो वाद तिथंच राहिला, मापं न देता दोघी गेल्या. संध्याकाळी मी सहज आईच्या जुन्या वह्या काढल्या. आई माप लिहून घ्यायची तेव्हा पुढे खूण म्हणून नटीचं नाव टाकायची. 1994-95 च्या वहीत पानामागून पान "माधुरी पाठ, नाडी, लटकन 2". 'हम आपके हैं कौन' मधल्या जांभळ्या साडीवरच्या ब्लाउजची ती पाठ. पण आमच्या गावात तेवढी उघडी पाठ कुणाच्या सासूला चालणार? म्हणून आई आतून त्याच रंगाचं अस्तर लावून द्यायची. नाडी होती, लटकन होतं, पाठ झाकलेली. प्रत्येक बाई खूश.

तर विचारायचं हे आहे की तुमच्या गावात कोणत्या नटीमुळे, नटामुळे किंवा मालिकेमुळे काय आलं? आणि त्या आजीला मी काय सांगू?

बोंडअळी

पैला नंबर माहाच. ताई, बायाईचं मले समजत नाई, पोट्ट्याईचं सांगतो. 2003, 'तेरे नाम'. मी आठवीत होतो. गावात न्हाव्याचं दुकान एकच, तेबी बाभळीखाली. पिच्चर तालुक्याले लागला अन् चार-सहा मयन्यात शाळेतले झाडून सारे पोट्टे मधात भांग पाडून, दोन्ही बाजूनं केस डोयावर सोडून हिंडाले लागले. तेल लावलं की ते केस चिकटून बसे, दिसे सारं गोठ्यातल्या वासरावानी. तरी कोनी कापे नाई.

आमच्या हेडमास्तरनं एक दिवस प्रार्थनेले कैची आनली. रांगेतल्या पैल्या सात जनाईचे केस मधातूनच कापले. बाकीचे मागच्या मागं पयाले. मी आठवा होतो.

गंमत अशी हाय का त्या पिच्चरमधी हिरो येडा होते, हिरॉइन मरते. आमाले त्याचं कायबी नवतं. केस तेवढे घेतले.

तूरडाळ

हाहाहा, सात जण! आमच्याकडे मास्तरनं गोटाच केला होता सगळ्यांचा.

निवृत्त_बाई

सुईदोरा, धागा आवडला. मी अकोला जिल्ह्यातली, आता वय 76, त्यामुळे मागचं सांगते.

आमच्या वेळी साधना कट होता. चित्रपट 1960 चा, 'लव्ह इन सिमला'. साधनाचं कपाळ मोठं दिसायचं, म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला ऑड्री हेपबर्नसारखी कपाळावर झालर कापायला लावली. म्हणजे मूळ हॉलिवूडचं. तिथून ते शिमल्याला आलं आणि शिमल्याहून मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावी, यात्रेतल्या तंबूच्या टॉकीजमधून! पोचायला वर्षं लागली. मी केस कापले तेव्हा सातवी-आठवीत असेन. कापले म्हणजे मोठ्या बहिणीनं सुपारी कातरायच्या अडकित्त्याने... नाही, कात्रीनेच, पण दिसायला अडकित्त्याने कापल्यासारखे. वडील आठ दिवस बोलले नाहीत. आईनं झालरीला खोबरेल तेल चोपडून ती मागे बसवली आणि वर दोन आकडे लावले.

त्याच नय्यर साहेबांशी साधनाचं 1966 साली लग्न झालं. आम्हा मुलींना त्याचं फार अप्रूप. ज्यानं केस कापायला सांगितले त्याच्याशीच लग्न!

आणखी एक. 1965 च्या 'वक्त'मधला तिचा घट्ट चुडीदार-कुर्ता भानू अथैया यांनी केला होता. भानूताई कोल्हापूरच्या. पुढे 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. शाळेत मुलींना सांगताना मी नेहमी म्हणायची, शिवणकामाच्या तासाला हसू नका.

आजीबद्दल सांगायचं तर तिची बाजू समजून घ्या. आमच्या पिढीत पांढरं लुगडं कधी नेसायला लागायचं, ते तिनं पाहिलेलं असेल.

सुईदोरा

बाई, अडकित्ता वाचून हसू आवरेना. आणि आजीचं तुम्ही म्हणता तेच आहे. तिची आई पंचविशीतच विधवा झालेली, हे मला आज दुसऱ्या एकीकडून कळलं.

गोडंबी

जान्हवीचं मंगळसूत्र कसं काय कुणी आणलं नाही अजून??

2013 ला 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झालं. तालुक्याच्या सराफाकडे त्या वर्षी बाया डिझाइन सांगायच्याच नाहीत. फक्त "जान्हवीचं हाय का?" सोन्यात परवडायचं नाही त्यांच्यासाठी बेन्टेक्सचं, आठवडी बाजारात ताडपत्रीवर ढीग. मी स्वतः दोन घेतली, एक रोजचं, एक लग्नाकार्याचं. सहा सासवांची सून ती, आम्हाला एक झेपत नव्हती, पण मंगळसूत्र तेच पाहिजे.

त्यात जान्हवी झालेली तेजश्री प्रधान आणि मालिकेतला तिचा नवरा शशांक केतकर यांचं 2014 ला खरोखर लग्न झालं. आमच्या महिला मंडळात पेढे वाटायचे राहिले होते फक्त. मग ते वेगळे झाले आणि खरी मजा तेव्हा. माझी मोठी जाऊ म्हणाली, "आता हे मंगळसूत्र गळ्यात ठेवावं का काढावं?" मी म्हटलं, वहिनी, मालिकेत तर अजून संसार चालू आहे. तिनं मालिका संपेपर्यंत घातलं. संपली त्या आठवड्यात मोडीत देऊन कानातले केले.

शेतकरी_पुत्र_यवतमाळ

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण मी थोडा कडू बोलणार आहे.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न झालं मागच्या वर्षी. लेहंगा 45 हजार. गुलाबी, फिकट, कारण अनुष्का शर्मानं 2017 ला इटलीत तसा घातला होता. 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. म्हणजे तो लेहंगा सहा क्विंटल कापसाचा. आमच्याकडे कोरडवाहू एकराला पाच क्विंटल झाला तर लोक पेढे देतात. एक एकर पऱ्हाटी वर्षभर निंदली, फवारली, वेचली, आणि ती चार तास अंगावर घातली. वरून प्री-वेडिंग. धरणाच्या भिंतीवर नवरदेव गुडघ्यावर बसलेला, वर ड्रोन, आणि खाली आमचे काका ओरडताहेत, "अरे पाण्यात पडशीन!"

आलियाचं लग्न कुठं झालं माहीत आहे ना? घरच्या बाल्कनीत. तेवढं का नाही कुणी कॉपी करत?

बोंडअळी

भाऊ, आमच्या घराले बाल्कनी नाई ना. माळवद हाय, तेबी गळते.

गोडंबी

@शेतकरी_पुत्र, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण हिशोब फक्त लेहंग्याचाच का? नवरदेवाची शेरवानी, फेटा, डीजे, बुलेट या सगळ्याचे क्विंटल पण काढा की. रणवीर-दीपिकाच्या फोटोतल्यासारखी शेरवानी पाहिजे म्हणून माझा भाऊ नागपूरला तीन चकरा मारून आला. तेव्हा कुणी हमीभाव काढला नाही.

शेतकरी_पुत्र_यवतमाळ

बरं बाई, शेरवानी तीन क्विंटल. डीजेचं मी बोलत नाही, तो माझ्याच मित्राचा आहे.

पऱ्हाटी

मी 2016 ला अकरावीत होते. त्यामुळे माझी हिरॉइन एकच, 'सैराट'ची आर्ची.

आधीच्या सगळ्या नट्या गोऱ्या, मुंबईच्या. रिंकू राजगुरू अकलूजची, बोलणं गावचं. आणि ती बुलेट, ट्रॅक्टर चालवत होती. पिक्चर पाहून आल्यावर आम्ही चौघी मैत्रिणींनी पहिलं काम काय केलं, तर एकीच्या भावाची गाडी मागितली. बुलेट नव्हती, स्प्लेंडर होती. शाळेच्या मागच्या पांदणीत शिकलो. मी दोनदा पडले, गुडघ्यावरची खूण अजून आहे. आज मी रोज 14 किलोमीटर गाडीनं ड्युटीला जाते.

पण त्या सिनेमाचा शेवट तुम्हाला माहीत आहे. बोंडअळीभाऊ म्हणाले ना, केस तेवढे घेतले? आमच्या घरच्यांनी मात्र नेमका शेवट घेतला. आमच्या चौघींतल्या एकीचं बारावीनंतर लगेच लग्न लावलं, कारण तिला कुणाच्या तरी गाडीवर मागे बसलेलं एका मामानं पाहिलं. तो खरं तर तिचा मावसभाऊ होता. तिच्या मामाला 'सैराट'चे डायलॉग पाठ होते, लग्नात त्याच गाण्यावर तोच सगळ्यात पुढे नाचला.

जास्त लिहीत नाही.

निवृत्त_बाई

पऱ्हाटी, वाचलं ग.

वडसा_लोकल

नमस्कार जी. मी गडचिरोली जिल्ह्यातला, देसाईगंज-वडसाकडचा. तुम्ही लोक टीव्ही अन् टॉकीजवरच अडकून रायले. आमच्या झाडीपट्टीत फॅशन नाटकातून येते.

दिवाळी झाली का गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलाईच्या शर्यती सुरू होते अन् त्यासंगं नाटक. रातच्या दहाले पडदा उघडते, सकारी उजाडेपर्यंत. वडस्यात नाट्यकंपन्यांचे ऑफिस रांगेनं हायेत, तिथून बुकिंग होते. मी सात सीझन लाइटवर काम केलो, म्हणून सांगतो. हिरॉइन दुसऱ्या अंकात जी साडी नेसून येते ना, तिचा रंग, तिचा झुलता पदर, सारं पुढं बसलेल्या बाया डोक्यात ठेवतात. हिंदी गाण्यावर डान्स असते, त्याचा घागरा येगळा. आठ दिवसानं बाजारात त्याच रंगाचा कपडा मागतात. दुकानदारच मले विचारे, "यंदाच्या नाटकात कोणता कलर हाय?" मी सांगो अन् तो नागपुरातून तोच माल आने.

पोस्टरवर मुंबईचा कलाकार असला का त्याच्या नावाच्या मांगं 'सिनेस्टार' लिवतात, फोटो मोठा. पण लोकाईचं प्रेम इथल्याच माणसावर. आमचे परशुराम खुणे, यायले 2023 मधी पद्मश्री भेटली.

अन् प्रेमप्रकरण म्हनाल तं, एका सीझनले हिरो-हिरॉइन रोज रात्री स्टेजवर लग्न लावत होते, साठ-सत्तर प्रयोग. सीझन संपल्यावर खरंच लग्न लावले. त्या लग्नात आमच्या लाइटवाल्याले कोनी जेवाले बोलावले नाई, येवढीच माही तक्रार.

तूरडाळ

"रोज रात्री लग्न" 😂 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या राणादा आणि पाठकबाईंचं पण तसंच ना? मालिकेत झालं, मग 2022 ला पुण्यात खरं झालं. आमच्या आजीनं विचारलं, "आता पुन्हा काहून? एक डाव झालं होतं ना?"

तिसरा_धोटा

गेले दोन दिवस वाचतोय, आता लिहितो. मी भंडारा जिल्ह्यातला, मोहाडीकडचा. घरी माग आहे, आजोबांपासून कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, विणतो. आमच्या साडीला करवतकाठी म्हणतात. काठाला करवतीसारखे दात असतात म्हणून. ते दात छापलेले नसतात जी, विणलेले असतात. साध्या साडीला एक धोटा (आडवा धागा मागातून नेणारा) लागतो, याला तीन. मधल्या अंगाचा एक, दोन्ही काठांचे दोन. प्रत्येक फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा. त्या अडकण्यातून दात तयार होतो. एक धोटा चुकला तर दात पडतो, म्हातारा माणूस हसल्यासारखा दिसतो काठ.

या साडीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे. पण गावातल्याच बायकांना विचारा, लग्नात काय पाहिजे? पैठणी. कारण 2004 पासून वर्षानुवर्षं 'होम मिनिस्टर'मध्ये आदेश भाऊजींनी घरोघरी पैठणी दिली. पैठणवर माझा राग नाही, विणणाऱ्यावर विणणारा कशाला जळेल? पण वीस वर्षं रोज संध्याकाळी टीव्हीवर मोर दिसला की बाईला मोरच हवा असतो. आमच्या काठाला अजून कोणी माधुरी भेटली नाही, कोणी जान्हवी भेटली नाही. माझ्या वडिलांची इच्छा होती की एखाद्या मालिकेतल्या सुनेनं एक दिवस, एकच एपिसोड, आमची साडी नेसावी. माझा धाकटा भाऊ आता पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. त्याचा माग उभा आहे, त्यावर आई वाळवणाचे कपडे टाकते.

हे सगळं सांगायचं कारण दुसरं आहे. सुईदोरा ताई, तुमच्या नवरीला जो रंग पाहिजे तो कोशाचा मूळचाच रंग आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर किडा कोष करतो, त्याचा धागा न रंगवता विणला की सायीपेक्षा थोडा पिवळसर, बिस्किटाकडे झुकणारा येतो. त्याला लाल करवतीचा काठ. आजीला विचारून पाहा. आमच्याकडे कोसा सोवळ्यात चालतो, पूजेला चालतो. त्याला कोणी पांढरं लुगडं म्हणणार नाही.

निवृत्त_बाई

तिसरा_धोटा, फार चांगलं लिहिलंत. माझ्या सासूबाईंचा कोसा मी अजून महालक्ष्म्यांना नेसते. आणि सुईदोरा, आजीला हेही विचार की तिच्या लग्नात ती स्वतः काय नेसली होती. आमच्या वेळी नवरीला पिवळी अष्टपुत्री असायची, सुती, लाल काठाची. लाल भडक शालू आणि घागरा हे नंतर आले, त्यातलं बरंचसं पडद्यावरूनच. तिची 'रीत' किती जुनी आहे ते तिला आठवेल.

शेतकरी_पुत्र_यवतमाळ

किंमत किती जी? क्विंटलमध्ये सांगू नका, मीच काढतो.

तिसरा_धोटा

तुमच्या लेहंग्याच्या निम्म्यातही बसेल. बाकी व्यक्तिगत निरोपात.

धागा_राखणदार

मंडळी, व्यवहार व्यक्तिगत निरोपातच करा. फोटो टाकताना घरातल्या मुलींचे चेहरे झाका. चर्चा चालू द्या.

बोंडअळी

राखणदार साहेब, माहा आठवीतला फोटो टाकू काय? चेहरा केसाईनं झाकेलच हाय.

सुईदोरा

बारा दिवसांनी येतेय, माफ करा. लग्नसराई आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालू असते.

आजीला अष्टपुत्रीचं विचारलं. आधी म्हणाली आठवत नाही. मग पाच मिनिटांनी म्हणे, "पिवळं पातळ होतं, मामानं आणलं होतं. लाल काठ होता. एका धुण्यात रंग गेला त्याचा." आणि हसली. तेव्हा मी धोटेभाऊंनी पाठवलेला फोटो दाखवला. तिनं मोबाइल जवळ नेला, लांब नेला, काठावर बोट फिरवलं (त्यामुळे फोटो सरकून पुढचाच कुठला तरी आला, मग पुन्हा शोधा). म्हणाली, "हा कोसा हाय. हे चालते."

नवरीचं तोंड मात्र एवढंसं झालं. तिला पदरावर जरीचं काम पाहिजे होतं, डोक्यावर जाळीची ओढणी पाहिजे होती. ओढणी मी नेटची करून देते म्हटलं, कडेला तोच करवतीचा दात मशीनवर काढते. ब्लाउज तिला आलियासारखं बाहीचं हवं होतं, ते तसंच शिवलं. आईच्या रिवाजाप्रमाणे आत अस्तर लावलं.

परवा लग्न झालं. मी हळदीला पण होते. हळदीत सगळ्या घराला मालिकेसारखे पिवळे कपडे, एक नवरीचे बाबा सोडून. त्यांनी तूर विकायला गेले होते तोच शर्ट घातला होता. नवरी कोशात उभी राहिली तेव्हा माझ्या शेजारची बाई म्हणाली, हे कोणत्या मालिकेतलं हाय?

आज सकाळी शेजारच्या गावातल्या दोन मुली आल्या. एकीनं मोबाइल पुढे केला, त्यात आमचीच नवरी. "ताई, अशी आलिया पायजे." मी वहीत लिहिलं, "आलिया, कोसा, लाल काठ". दोन नग.

तिसरा_धोटा

आलिया? करवतकाठी म्हणा ना जी, ताई.

सुईदोरा

मी म्हटलं तसं. ती म्हणे, ते काय असते?

तिसरा_धोटा

बरं, आलिया तर आलिया. पण महिना लागेल, घाई करू नका म्हणावं. भावाला फोन केलाय, शिमग्याला येतोय, तेव्हा त्याचा माग सुरू करून पाहू. तेवढे आईचे कपडे काढायला लागतील.

गोडंबी

एक विचारू? कोशाला फॉल लावायचा का नाही? माझ्या सासूची साडी पेटीत पडून आहे.

सुईदोरा

लावायचा, पण सुती. आधी पाण्यातून काढून घ्या फॉल, नाहीतर आटून काठ ओढतो. आणि हातानंच टाचा, मशीननं नको.